कुरडयांच्या शेजारी खुळखुळे

ऑर्केस्ट्रात साईड ऱ्हिदम वाजवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. गायक पुढे, ढोलकीवाल्यावर लाईट, कीबोर्डवाला रात्री अकरा वाजता गॉगल घालून उभा, आणि मागच्या कोपऱ्यात टेबलावर घुंगरू, खंजिरी, मंजिऱ्या, कबास असा बाजार मांडून मी. गाणं चालू असताना मी थांबलो तर काहीतरी कमी झालं एवढंच लोकांना जाणवतं, काय कमी झालं ते सांगता येत नाही. मला ते आवडतं. दिवसा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, तिथंही साधारण हाच प्रकार आहे.

माझ्या पिशवीतल्या शेकरांची, म्हणजे मी घरी केलेल्या भोपळ्याच्या खुळखुळ्यांची, मात्र हल्ली चौकशी होते. कार्यक्रम संपला की एखादा कॉलेजातला पोरगा वर येतो, हातात घेऊन हलवून बघतो आणि विचारतो, "काका, ऑनलाईन मागवलं का?" मी "मंगळवेढ्याहून" म्हटलं की त्याला चेष्टा वाटते. प्रत्येकाला मायक्रोफोन गुंडाळता गुंडाळता सगळं सांगणं जमत नाही, म्हणून इथं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

दुकानात मिळणारं प्लॅस्टिकचं अंडं, म्हणजे अंड्याच्या आकाराचा खुळखुळा, वाईट नसतं. दणदणीत गाणं असेल, समोर भिंतीएवढे स्पीकर असतील, तर तेच घ्यावं; भोपळा तिथं कुणाला ऐकूसुद्धा येणार नाही. पंचाईत होते ती भावगीताला. बाई हळुवार गातायत, ओळीत 'स' आणि 'श' भरपूर, आणि अंड्याचं 'चिस् चिस्' नेमकं त्या अक्षरांवर जाऊन पडतं. साऊंडवाला मग माझा माईक खाली घेतो. त्यानं मी बारीक होतो, टोचणं तेवढंच राहतं. भोपळ्याचा आवाज जरा खालच्या अंगाचा असतो, शब्दांच्या खालून जातो. एका तालमीत मी गुपचूप अंडं ठेवून भोपळा उचलला, तर गाणाऱ्या ताई कडवं संपल्यावर मागं वळून म्हणाल्या, "दादा, आजपासून हेच. ते दुसरं कानात जातं." एवढं प्रमाणपत्र मला पुरलं.

आता भोपळा. भाजीचा दुधी आणि तानपुऱ्याचा भोपळा ही एकाच वेलाची दोन घराणी. भाजीचा कोवळा खातात. वाद्याचा कडू असतो, त्याची साल वाळल्यावर लाकडासारखी टणक होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आनंद झाला. पण त्या तानपुऱ्याचं पोट आपल्या जिल्ह्यात पिकतं, हे सोलापुरातल्या कितीजणांना माहीत आहे? पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या अंगानं, शेतकरी हे भोपळे मुद्दाम लावतात आणि मिरजेचे कारागीर येऊन निवडून नेतात. त्यांना मोठा घेर हवा, जाड साल हवी, बांधा सरळ हवा. नारळाएवढा, वाकड्या मानेचा, एका बाजूला बसका असा जो माल मागं उरतो तो माझा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा शेताच्या मालकांनी मला बांधावरचा ढीग दाखवला.

"ह्ये बारकं हाय बघा. मिरजंवालं हात बी लावत न्हाईत ह्याला. काय करणार तुमी?"

"वाजवणार."

"ह्याला तार कुठं बसतीय?"

"तार नाही मामा, आत बी भरून हलवायचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बायकोकडं बघितलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "न्यावा की मग, पैसं ऱ्हाऊ द्या." चहा पाजूनच सोडलं. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "त्यांना वाटलं तुम्हाला बरं नाही."

भोपळा निवडताना देठ बघायचा. देठ पूर्ण वाळून तपकिरी झालेला हवा आणि सालीवर नख दाबलं तर खूण उमटता कामा नये. देठाचा एक तुकडा ठेवूनच कापायचा. आणला की लगेच उन्हात टाकायचा नाही, त्यानं साल चिरते किंवा सुरकुतते. माझे जिन्याखाली फळीवर असतात, एकमेकांना न चिकटता, आणि येता-जाता फिरवायचे. काही दिवसांत अंगावर काळे-करडे डाग धरतात. ती बुरशी असते. साल टणक असेल तर तिची काळजी नको, उलट घासल्यावर त्या जागी ढगाळ नक्षी उमटते. बोट दाबल्यावर आत जातं असा मात्र सरळ टाकून द्यायचा, त्याचा वास घरभर होतो.

इथून पुढं आपलं सोलापूर कामाला येतं. मार्च लागला की हवेतलं पाणी पळतं, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढं जातो. त्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या घालतो. भोपळ्याच्या कामात मात्र निम्म्याहून जास्त मेहनत तेच करतं. कोकणातला एक ढोलकीवाला मित्र दरवर्षी नेमानं भोपळा वाळवायला ठेवतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुजलेला फोटो मला पाठवतो. आमच्याकडं फळीवरचा भोपळा उचलला तर हात चुकल्यासारखा वर जातो, इतका हलका झालेला असतो. हलवल्यावर आतल्या त्याच्याच बिया बोलायला लागतात. तिथंच थांबलं तरी खुळखुळा तयार आहे, लहान मुलांना तेवढा पुरे. पण भोपळ्याचं बी चपटं आणि हलकं, शिवाय आतल्या वाळक्या कापसात अडकतं, त्यामुळं आवाज फसफशीत येतो. कार्यक्रमासाठी पोट रिकामं करावंच लागतं.

पोट रिकामं करणं हा या सगळ्यातला एकच कंटाळवाणा भाग. आधी भोपळा रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचा, सकाळी तारेच्या घासणीनं घासायचा. वरचा पातळ पापुद्रा काळपट गाळ होऊन निघतो आणि खालून पिवळसर, गुळगुळीत कवच येतं. मग हॅक्सॉच्या पात्यानं मान कापायची. कापताना जी बारीक पूड उडते ती कडू असते. नाकावर रुमाल बांधला नाही तर तिचा कडवटपणा घशात उतरतो, पाणी प्यालं तरी जात नाही आणि खोकला येतो तो वेगळाच. त्यामुळं हे काम घरात करायचंच नाही. भोकातून पाणी भरून एक दिवस तसंच ठेवलं की आतला पांढरा कापूस मऊ पडतो. वाकवलेल्या तारेनं जमेल तेवढा खरवडायचा, उरलेल्यासाठी मूठभर खडी आणि थोडं पाणी आत घालून भोकावर अंगठा दाबून जोरजोरात हलवायचं. पहिलं पाणी ताकासारखं पांढरट येतं, हळूहळू नितळ होतं. नितळ पाणी आलं की भोपळा झाला. आता मात्र थेट गच्चीवर, उन्हात, तोंड खाली करून.

गच्चीवर त्या दिवसांत बायकोच्या कुरडया असतात, साबुदाण्याच्या पापड्या असतात, आईची वर्षाची मिरची असते. जुन्या साडीची हद्द ठरलेली आहे आणि माझे भोपळे तिच्या बाहेर, टाकीच्या बाजूला. शेजारच्या काकू एकदा कठड्यावरून डोकावून म्हणाल्या, "वैनी, ह्ये पण तळायचं असतंय का?" तेव्हापासून आमच्या घरात या उद्योगाला 'तुमचं वाळवण' म्हणतात.

आत काय भरायचं यावर मी तासभर बोलू शकतो, आणि बोलतोही, म्हणून घरचे लोक उठून जातात. घरात असते ती ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याला तिचा अभिमान आहे, आणि आवाजही तिचा भरीव येतो, मऊ, किंचित जडसर. पण धान्य म्हटलं की किडा आला. पावसाळ्यात आत पोरकिडे होतात, दाण्याचं पीठ होतं आणि दिवाळीपर्यंत भोपळा मुका. भाजून घ्यावी तर निम्म्याच्या लाह्या होतात. धान्यच भरायचं असेल तर आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, मग उन्हात कडक वाळवून भरा, अंडी मरतात. मूग आणि तूर यांचंही तेच. तांदूळ फार बारीक वाजतो. साबुदाणा झिजतो. नदीतले बारीक खडे छान खणखणीत वाजतात, पण ते कवच आतून खातात, वर्षभरात भिंत पातळ होते.

माझं उत्तर कर्दळ. बागेत, नळाच्या सांडपाण्याच्या कडेला, लाल-पिवळ्या फुलांची जी कर्दळ असते तिच्या काटेरी हिरव्या बोंडात काळ्या, गोल, छर्ऱ्यासारख्या टणक बिया असतात. बोंड वाळून फुटायला लागलं की गोळा करायच्या. किडा लागत नाही, झिजत नाहीत, आकारानं सारख्या, वजनदार. पार आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये शोना लोक 'होशो' नावाचे भोपळ्याचे खुळखुळे जोडीनं वाजवतात, त्यांच्यातही कर्दळीच्याच बिया भरायची रीत आहे, हे मला फार नंतर कळलं आणि उगाचच नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं. दुसरा नंबर करडईचा. आपल्या भागात करडई काय, पोत्यानं मिळते. पांढरी, घट्ट सालीची, निसरडी. तिचा आवाज कर्दळीपेक्षा हलका, तंबोऱ्यावरच्या गाण्याला चालेल इतका. चिंचोके भरले तर खडखड होते, पण मोठ्या भोपळ्यात मोजकेच टाकले की पोतराजाच्या गाण्याला साजेसा ठोक येतो.

एक बी कधीच नको, ती म्हणजे गुंज. दिसायला इतकी देखणी की हात जातोच, लाल अंग, काळा डोळा, आणि सोनारांनी वजनाला वापरलेली, म्हणून घरातही असते. पण ती जहाल विषारी आहे. खुळखुळा फुटला, पोरानं तोंडात घातली, चावली, तर खेळ संपला. एरंडीचंही तसंच. शाळेतल्या मुलांबरोबर खुळखुळे करणार असाल तर त्या दोन बिया दारातच थांबवा.

आणि किती भरायचं? सगळे जास्त भरतात. भोपळा मोठा दिसतो, हात सैल सुटतो. दाणे जास्त झाले की त्यांना आत धावायला जागा उरत नाही, एकमेकांवरच घासत बसतात, आणि भिंतीवर आदळतच नाहीत. आवाज भिंतीचा असतो, दाण्याचा नव्हे. दाणा फक्त टिपरू. म्हणून पाव भागाच्या वर कधी जायचं नाही, माझे तर त्याहून बरेच रिकामे असतात. चमच्याचमच्यानं टाकायचं, भोकावर बोट ठेवायचं, वाजवायचं, परत टाकायचं. एक टप्पा असा येतो की सुटे सुटे टकटक दाणे एकत्र येऊन एकच 'छक्' होतो. त्याच्या पुढं एक चमचा टाकला की 'छक्'चं 'फस्स' होतं. तो एक चमचा काढून घ्यायचा आणि भोक बंद करायचं.

दांडा मी कांडीचा करतो. धोट्याच्या मागावर सूत गुंडाळायला लाकडी कांड्या लागायच्या. आता बिनधोट्याचे माग आले, आणि पूर्व भागातल्या भंगारवाल्यांकडं त्या कांड्या पोत्यांनी पडलेल्या असतात, वर्षानुवर्षं सुतानं घासून चकचकीत झालेल्या. एका टोकाला निमुळती असल्यामुळं कांडी भोपळ्याच्या मानेत ठोकली की आपोआप घट्ट बसते, वरून लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट भरायची. एका भोपळ्यातली कांडी कुठल्या गिरणीची असेल हे मी अधूनमधून ताडायचा प्रयत्न करतो. सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पडल्या, कांड्या मात्र अजून हातात येतायत. आमचे वडील अशाच एका गिरणीत होते. त्यांनी पहिला दांडा हातात घेतला तेव्हा वाजवून बघितलं नाही, आधी कांडीचं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, "खाच झिजलीय. चांगली चाललेली कांडी आहे."

बाहेरून तेल द्यायचं, करडईचंच. हे तेल हवेत हळूहळू सुकतं, चिकट राहत नाही, फक्त पातळ हात द्यायचा आणि भरपूर दिवस उन्हात ठेवायचं. शेंगदाण्याचं देऊ नका, ते सुकत नाही, आणि मग भोपळ्याला धूळ चिकटते, वासही येतो.

भोपळा हा वर्षाचा उद्योग झाला. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी महाशिवरात्रीची वाट बघावी. त्या दिवसांत लक्ष्मी मंडईत कवठांचे ढीग असतात, घराघरांत गूळ घालून कवठाची चटणी होते, आणि ते सुंदर टणक कवच कचऱ्यात जातं. आमच्याकडं कवठ आता आपटून फोडत नाहीत. देठाच्या जागी ड्रिलनं बोटाएवढं भोक पाडायचं आणि लांब दांड्याच्या चमच्यानं गर काढायचा. आईला हे पटत नाही, "चटणीला उशीर होतो", पण ती काढून देते. आतल्या दोऱ्या चिवट असतात, पाण्यात उकळलं की सुटतात. वरची खरखरीत करडी साल पॉलिश पेपरनं घासली की खालून बदामी रंग निघतो. उन्हात कडक वाळवून आत अगदी थोडी करडई, आणि भोकाला लाकडाचं बूच. मुठीत मावणारं, प्लॅस्टिकच्या अंड्याला सरळ टक्कर देणारं वाद्य. कवच जाड असल्यामुळं आवाज बारीक, कोरडा, नेमका. दोन कवठं एका हातात धरून वाजवता येतात. माझ्या पिशवीत सगळ्यात जास्त चोरीला जाणारी वस्तू हीच आहे, त्यावरून काय ते समजा.

काही खुळखुळे करावेच लागत नाहीत. गुलमोहराची काळपट शेंग, हातभर लांब, पोरं तलवार म्हणून वापरतात ती. आत प्रत्येक बी आपापल्या खणात बसलेलं असतं आणि खणातल्या खणात वाजतं. देठ धरून मांडीवर आपटत वाजवली की गोंधळात शोभेल अशी लय निघते. शिरीषाच्या फिकट, कागदी शेंगा वाऱ्यावर झाडभर वाजत असतात. पंधरा-वीस एकत्र बांधून मनगटाला लावल्या तर सळसळ छान मिळते, पण फार नाजूक, एका कार्यक्रमात चुरा. शेतात खताला लावलेला ताग गाडायचा राहिला की त्याच्या फुगीर शेंगांतलं बी सुटं होऊन वाजायला लागतं. रानातल्या घागरी नावाच्या झुडपाचंही तेच. ही दोन्ही बियाणं पोटात जायला चांगली नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. नारळाच्या दोन करवंट्या चिकटवणं, कळकाच्या पेरात तांदूळ भरणं हे शाळेत सगळ्यांनी केलंय, त्यावर मी काय लिहू. करवंटीचा आवाज मला घोड्याच्या टापांपलीकडं कधी नेता आला नाही.

भोपळ्याला बाहेरून जाळी घालण्याचाही एक प्रकार आहे. पश्चिम आफ्रिकेत 'शेकेरे' म्हणून जे वाद्य आहे त्यात आत काहीच नसतं, बाहेर मण्यांची सैल जाळी असते आणि मणी बाहेरून कवचावर आपटतात. माझ्या टेबलावरचा स्टीलच्या साखळ्यांचा कबास हा त्याच घराण्यातला शहरी नातू. जाळीला सूत काय, आमच्या कारखान्यात फेकून देतात तेवढं पुरतं. मण्यांसाठी मी पंढरपूरहून तुळशीमणी आणले होते. आईनं पिशवी उघडून बघितली. "माळेचे मणी आहेत ते. आपटायला नाहीत आणले देवानं." विषय तिथंच संपला. आता त्या जाळीत रिठ्याच्या काळ्या बिया आहेत, भोक पाडायला त्रास देतात पण एकदा ओवल्या की काचेच्या मण्यांना मागं सारतात.

सध्या ज्याच्या मागं लागलोय ते उसाचं वाद्य. मॉरिशसला सेगा गाण्यांबरोबर 'मारावान' वाजवतात, शेजारच्या रियुनियन बेटावर त्यालाच 'कायांब' म्हणतात आणि तिथल्या मालोया गाण्यांचा तो कणा आहे. मालोयाची युनेस्कोनं २००९ मध्ये नोंद घेतली, मॉरिशसच्या सेग्याची २०१४ मध्ये. दोन्ही बेटं उसाची, दोन्हींकडं मळ्यात राबायला लांबून माणसं नेलेली. मॉरिशसला तर आपली मराठी माणसंही गेली आणि राहिली. वाद्य कशाचं, तर उसाच्या तुऱ्याच्या काड्यांचं. पोकळ नव्हे, आत भुसभुशीत, हलक्या, सरळ काड्या. त्यांचे दोन थर लाकडाच्या चौकटीवर बांधायचे, मध्ये बोटभर पोकळी, त्या पोकळीत बिया. दोन्ही हातांत ताटासारखं आडवं धरायचं आणि डावी-उजवीकडं कलंडवायचं.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. तरीही तुरा मागायला गेलं की शेतकऱ्याचा चेहरा पडतो, कारण तुरा आला म्हणजे ऊस वाढायचा थांबला, आणि तोड लांबली तर वजन आणि साखर दोन्ही उतरणार. मोहोळच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या फडात गेलो होतो. "किती बी न्या, मला डोळ्यापुढं नको," असं म्हणून त्यांनी स्वतः विळा लावला. काड्या सावलीत वाळवल्या, सारख्या मापाच्या कापल्या, कारखान्यातल्या जाड सुतानं एकेक काडी चौकटीला गाठ मारत बांधली. गाठ सैल राहिली तर काडी वाजायच्या ऐवजी हलते. फार आवळली तर काडी चेपते. आत कर्दळ. आवाज लाटेसारखा इकडून तिकडं जातो आणि टोकाला थोडा आपटतो, त्या आपटण्यातच ठेका आहे. अजून मला ते केरव्यात नीट बसवता आलेलं नाही, पण दादऱ्यात, म्हणजे तीन-तीनच्या हेलकाव्यात, असं चपखल बसतं की तबलेवाला वाजवता वाजवता मागं वळून बघतो. आपला तबलेवाला सहसा कुणाकडं बघत नाही.

वाजवण्याबद्दल थोडं. भोपळा मोठा असेल तर दाण्याला या भिंतीवरून त्या भिंतीवर जायला वेळ लागतो आणि तेवढा आवाज उशिरा येतो. त्यामुळं हात मात्रेच्या आधी सुटला पाहिजे. कवठात हा फरक जाणवत नाही, भोपळ्यात जाणवतो, तुऱ्याच्या वाद्यात तर फारच. नवीन माणूस मनगट गोल गोल फिरवतो, मग नुसतं 'सर्र सर्र'. मनगट पुढं टाकून एकदम थांबवायचं. हात थांबतो, दाणे थांबत नाहीत, ते सगळे एकाच वेळी भिंतीवर जातात. केरव्यात पुढचा झटका मात्रेवर, मागचा अर्ध्या मात्रेवर, आणि मागचा नेहमी हलका. एवढं जमलं की बाकीचं गाणं शिकवतं. जोडी करणार असाल तर दोन भोपळे मुद्दाम असमान घ्या, एक उंच बोलणारा, एक खाली. डग्गा-तबल्याची सवय असलेल्या कानाला ते लगेच पटतं, आणि लॅटिन अमेरिकेतही मराकसची जोडी पुष्कळदा अशीच उंच-नीच स्वराची असते.

विकत देता का, असं बरेच जण विचारतात. नाही. बी मात्र देतो, एका भोपळ्यात शेकड्यानं निघतं. पहिला चांगला पाऊस झाला की लावा, मांडव दणकट घाला, आणि घरच्या भाजीच्या दुधीजवळ अजिबात लावू नका. दोघांचा संकर होतो, आणि त्या दुधीचं बी पुढच्या वर्षी लावलं तर दिसायला भाजीचाच पण चवीला कडू दुधी निघू शकतो. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस प्यायल्यानं माणसं दगावलेली आहेत. म्हणून घरचं बी धरत असाल तर भाजीला चिरायच्या आधी एक फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि तो वेल वाळवणाकडं वळवा.